टाका कोणता घातला, विचारून घ्या

या वेळेला कोणाची भाकरी तव्यावर असेल, कोणी गोधडी घेऊन ओट्यावर बसली असेल. गोधडीवालीनं आज जरा जास्त कान द्यावा, कारण आजचं बोलणं सुईदोऱ्याचंच आहे. फक्त हा सुईदोरा कापडावरचा नाही, कातडीवरचा.

मी तीसएक वर्षं दवाखान्यात परिचारिका होते. आज सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

ऊसतोडीचा हंगाम होता. बीडकडची एक बाई पायाला कोयता लागला म्हणून आली. नडगीवर चांगली चार बोटं लांब जखम. डॉक्टरांनी धुतली, भूल दिली, काळ्या नायलॉनचे सात टाके घातले. धनुर्वाताचं इंजेक्शन मी दिलं, पट्टी मी बांधली, गोळ्या मी समजावल्या. बाहेर ट्रॅक्टर थांबलेला, मुकादम घाई करतोय, आणि माझ्यापुढं बायापोरांची ही रांग. ‘‘दोन दिवसांनी पट्टी बदलायला ये,’’ एवढं म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. टाके काढायला यायचं, हे सांगायचं राहिलं. केसपेपरवर लिहायचंही राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फड हलला. ती आली ती दीड महिन्यानं. जखम भरली होती, पण टाके तसेच. चार टाके निघाले. उरलेल्या तिघांवर कातडी चढली होती, आत पू धरला होता. पुन्हा भूल द्यावी लागली, पुन्हा छेद घ्यावा लागला. ऊसतोडीत कामावर गेलं नाही की खाडा धरतात, उचलीतून पैसे कापतात, हे तुमच्यातल्या कितीतरी जणींना मी सांगायला नको. तिचे नऊ-दहा खाडे पडले.

मी विचारलं, ‘‘अगं, इतके दिवस टाके का ठेवलेस?’’ ती म्हणाली, ‘‘बाळंतपणातले टाके गेले की आपले आपण. मला वाटलं हेबी जातील.’’

मी गप्प बसले. तिचं काय चुकलं होतं? तिच्या अंगावर आजवर एकदाच टाके पडले होते आणि ते खरंच आपोआप गेले होते.

तर मैत्रिणींनो, टाक्यांच्या दोन जाती आहेत. एक विरघळणारे, दुसरे न विरघळणारे. बाळंतपणात खालच्या बाजूला जे टाके घालतात ते विरघळणारे असतात. काही आठवड्यांत शरीर तो धागा हळूहळू जिरवतं. पूर्वी हा धागा मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून करायचे, आता बहुतेक ठिकाणी कारखान्यात केलेला धागा वापरतात. पोटातले, मांसातले, आतल्या थरातले टाकेही बहुधा याच जातीचे, कारण तिथं काढायला जाणार कोण? पण हातापायाची, डोक्याची, तोंडाची कातडी शिवायची तर डॉक्टर बहुधा न विरघळणारा धागा घेतात. तो शरीर जिरवत नाही. त्याचं काम झालं की बाहेरून काढावाच लागतो.

आता तुम्ही म्हणाल, सगळीकडे विरघळणाराच का नाही घालत? बाईचा एक हेलपाटा वाचेल. प्रश्न बरोबर आहे. पण शरीर जेव्हा धागा जिरवतं तेव्हा त्या जागी थोडी आग होते, लाली येते. आतल्या थरात ते चालून जातं, वरच्या कातडीवर मात्र कधी कधी त्याचा त्रास होतो, खूण राहते. न विरघळणारा नायलॉन कातडीला फारसा चिडवत नाही, ठरलेल्या दिवसापर्यंत ताण धरून ठेवतो आणि एका चिमट्यात निघतो. लहान मूल टाके काढताना फार रडेल, किंवा माणूस परत येऊच शकणार नाही असं असेल, तर डॉक्टर कातडीलाही विरघळणारा धागा घालू शकतात. म्हणून टाके घालायच्या आधीच सांगावं, ‘‘आम्ही परवा गाव सोडणार आहोत.’’ त्या बाईला मी हे विचारलं असतं तर निदान पुढच्या गावच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी तरी दिली असती.

न विरघळणाऱ्या धाग्यांतही निवड असते. तुम्ही ब्लाऊज, गोधडी आणि पोतं एकाच दोऱ्यानं शिवत नाही, तसंच हे. जुना धागा म्हणजे रेशीम. काळा, मऊ, पिळाचा. हाताला फार गुणी. गाठ मारली की जागेवर बसते, टोकं टोचत नाहीत. म्हणून तोंडात अजून रेशीम घालतात. दाढ काढल्यावर हिरडीला काळा टाका घालतात, आठवड्यानं काढतात, तो बहुतेक वेळा रेशमाचा. पण रेशमाला एक खोड आहे. समईची वात आठवा. वात पिळाची असते म्हणून तेल ओढून वर नेते. रेशमाचा टाकाही तसाच बाहेरचा ओलावा आत ओढतो आणि ओलाव्याबरोबर जंतू. शेतातली जखम, शेणामातीची जखम असेल तर तिथं रेशीम नको.

तिथं नायलॉन. तुमच्या ओळखीचा शब्द सांगते, तंगूस. मासे धरायच्या गळाला असतो तो. शिवायचा नायलॉन म्हणजे तसाच एकसंध तंतू, फक्त कितीतरी बारीक आणि निर्जंतुक केलेला. त्याला पीळ नाही, म्हणून वातीसारखा ओढत नाही. पण तंगुसाची खोड ज्यांनी गळ बांधलाय त्यांना माहीत आहे, गाठ सुटते. त्याला आपलं सरळ होणं आठवत राहतं. म्हणून डॉक्टर नायलॉनला एकावर एक जास्तीच्या गाठी मारतात आणि टोकं जरा लांब ठेवतात. ती टोकं टोचतात, साडीत अडकतात, आणि घरी आल्यावर कोणीतरी शहाणपणानं कात्रीनं कापून टाकतं. कापू नका. टोक फार आखूड झालं तर गाठ सुटू शकते, आणि काढायच्या दिवशी चिमट्यात धरायलाही काही उरत नाही. टोचतंय तर वर स्वच्छ कापडाची घडी ठेवा.

तिसरा धागा पॉलीप्रॉपिलीन. नाव अवघड, पण वस्तू घरातलीच. खताची विणलेली पोती ज्या प्लास्टिकची असतात त्याच जातीचा हा निळा, गुळगुळीत धागा. तो वर्षानुवर्षं जोर सोडत नाही, म्हणून रक्तवाहिन्या जोडायला, हर्नियाची जाळी बसवायला वापरतात. तो आतच राहतो, कायमचा. छातीचं हाड उघडून हृदयाचं ऑपरेशन झालं की ते हाड स्टीलच्या तारेनं बांधतात. ती तारही तशीच राहते, एक्स-रेमध्ये स्वच्छ दिसते. एका आजींनी तो एक्स-रे बघून ‘‘डॉक्टरांची वस्तू आत राहिली’’ म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. त्या तारा आत राहण्यासाठीच असतात. आणि खरं सांगायचं तर ‘न विरघळणारा’ हे नावही सोळा आणे खरं नाही. रेशीम आत राहिलं तर वर्ष-दोन वर्षांत त्याचा जोर जातो. नायलॉनचाही हळूहळू कमी होतो.

धाग्याची जाडी पाकिटावर आकड्यात लिहिलेली असते. २-०, ३-०, ४-० असं. इथं हिशेब उलटा, आकडा वाढला की धागा बारीक. डोक्याला, पायाला ३-० किंवा ४-०, चेहऱ्याला ५-० किंवा ६-०, म्हणजे केसासारखा. पोरीच्या गालाला जखम झाली आणि डॉक्टर म्हणाले, ‘‘बारीक धागा नाही, तालुक्याला न्या,’’ तर ती टाळाटाळ समजू नका. जाड धाग्याची खूण जाड राहते. सुई धाग्याला जोडलेलीच येते, तिला नेढं नसतं. आणि पाकीट एका माणसाचं. उरलेला धागा दुसऱ्याला वापरत नाहीत. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगायला लाजू नका.

जाता जाता एक. जखमा शिवणं ही आजची विद्या नाही. सुश्रुतसंहितेत शिवायच्या धाग्यांची यादी आहे. त्यात ताग-अंबाडीसारखा शण आहे, अळशीचा धागा आहे, स्नायू आहे, केस आहे, गुळवेलीचा तंतू आहे आणि अश्मंतकाची साल आहे. अश्मंतक म्हणजे आपला आपटा. दसऱ्याला ज्याची पानं सोनं म्हणून वाटतो तोच. पण म्हणून कोणी आपट्याची साल काढून घरी शिवायला बसू नका हं.

आता दिवसांचं. सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. शेजारणीचे टाके सात दिवसांत काढले म्हणून तुमचेही सातच दिवसांत काढतील असं नाही. चेहऱ्याला रक्त भरपूर, तिथं जखम लवकर धरते, म्हणून ३ ते ५ दिवसांत काढतात. डोक्याचे ७ ते १०. पोटाचे, हाताचे साधारण तेवढेच. पायाचे १० ते १४. गुडघा, कोपर, तळहात, तळपाय या जागा सारख्या हलतात, ताण घेतात, तिथं १४ दिवसही ठेवतात. साखरेचा आजार असेल तर जखम सावकाश भरते, डॉक्टर आणखी थांबायला सांगतील. तुमच्या जखमेची तारीख तुमचे डॉक्टरच ठरवतील, मी अंदाज सांगितला.

लवकर काढले तर जखम उघडते. हे सगळ्यांना कळतं. उशिरा काढले तर काय बिघडतं, हे कळत नाही. कातडी सुईच्या प्रत्येक भोकातून धाग्याभोवती आत वाढत जाते, जशी कान टोचल्यावर भोकाला आतून कातडी येते. मग टाका काढला तरी भोकांच्या खुणा राहतात, रेल्वेच्या रुळांसारख्या. भोकातून जंतू आत जायला वाट मिळते आणि टाक्यापाशी पू होतो. माझ्या त्या बाईचं हेच झालं.

आणि टाके काढले म्हणजे जखम पक्की झाली, असंही नाही. त्या दिवशी त्या जागेला मूळ कातडीच्या दहाव्या हिश्शाएवढाही जोर जेमतेम असतो. पुढं तीनेक महिन्यांत तो ऐंशी टक्क्यांच्या आसपास जातो, पूर्वीइतका कधीच होत नाही. म्हणून सकाळी टाके काढले आणि दुपारी डोक्यावर दोन हंडे, असं करू नका. सासूबाई ऐकत असतील तर त्यांनीही हे ऐकावं.

काढायला किती दुखतं? खूपजणी याच भीतीनं येत नाहीत. चिमटा काढल्याएवढं, त्यापेक्षा जास्त नाही. आधी टाके औषधानं पुसतात. गोधडीला आपण धावदोरा घालतो, एकच दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत. जखमेला बहुधा तसं करत नाहीत. प्रत्येक टाका सुटा, प्रत्येकाची गाठ वेगळी, म्हणजे एक तुटला तरी बाकीचे धरून राहतात. गाठ चिमट्यानं जरा उचलतात, गाठीखाली, अगदी कातडीलगत, एकाच बाजूला कापतात आणि जखमेच्या दिशेनं ओढून घेतात. यात मेख अशी की धाग्याचा जो भाग बाहेर धूळ-घाम खात होता तो आतून ओढला जाऊ नये. घरी ब्लेडनं काढणारा गाठीच्या वर कापतो किंवा दोन्ही बाजूंनी कापतो. मग घाण आत जाते, नाहीतर तुकडाच आत राहतो. काढताना टाके मोजतात. सात घातले तर सात निघाले पाहिजेत. तुम्हीही मोजा. काही वेळा आधी एक सोडून एक काढतात, जखम धरते का बघतात, मग उरलेले.

आमच्याकडं कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनची एक बाई होती, सातव्या दिवशी टाका काढू देईना. म्हणे, टाका काढला की ऑपरेशन सुटेल आणि दिवस राहतील. हसू नका, ही भीती खूपजणींना असते. वरचा टाका फक्त पोटाच्या कातडीचा. आत नळ्यांचं काम वेगळं झालेलं असतं. छोटा छेद घेऊन करतात त्या ऑपरेशनमध्ये नळीचा वेढा विरघळणाऱ्या धाग्यानं बांधून कापतात. तो धागा पुढं विरघळतो, आणि तो विरघळावा म्हणूनच निवडलेला असतो, कारण धागा गेला की कापलेली दोन टोकं एकमेकांपासून लांब सरकतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये नळीला रबरासारखं बारीक कडं बसवतात, ते आतच राहतं. वरचा टाका काढण्याचा यातल्या कशाशीच संबंध नाही.

सिझेरियनमध्ये तर दोन्ही जाती एकाच पोटावर असू शकतात. आतले थर विरघळणाऱ्या धाग्याचे, वरची कातडी कधी विरघळणाऱ्या, कधी नायलॉनच्या धाग्याची, कधी चक्क स्टीलच्या पिना. रंगावरून ओळखायला जाऊ नका. नायलॉन काळाही असतो, निळाही असतो, आणि विरघळणारा धागाही रंगीत येतो. ओळखायचा एकच मार्ग आहे, विचारणं.

टाके आहेत म्हणून भात बंद, वांगं बंद, आंबट बंद, बाईला नुसती भाकरी आणि पाणी, हे मी घराघरांत पाहिलं. भातानं पू होत नाही. पू जंतूंनी होतो. जखम भरायला अंगाला डाळ, अंडं, शेंगदाणे, पालेभाजी, लिंबू, आवळा हे सगळं लागतं. जखमेवर मात्र काही नको. हळद, चुना, तंबाखू, शेण, कोळशाची पूड, काही म्हणजे काही नाही. पहिला दिवस-दोन दिवस पट्टी कोरडी ठेवा, पुढं अंघोळीचं डॉक्टरांना विचारा, आणि ओलं झालं तर चोळू नका, स्वच्छ कापडानं टिपा. टाक्याच्या कडेला थोडी लाली चालते. लाली पसरत चालली, ठणका वाढला, पू किंवा वास आला, ताप आला, जखमेचं तोंड उघडलं, किंवा बोटाला मुंग्या येऊन बधिरपणा आला, तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना.

एक जखम अशी आहे जी डॉक्टर लगेच शिवणार नाहीत, आणि माणसं भांडतात. कुत्र्याची. कुत्रं चावलं की पहिल्यांदा घरीच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, मग लगेच लसीला जा. लगेच शिवलं तर लाळेतले विषाणू आत खोल ढकलले जातात. जखम फारच मोठी असेल तर आधी जखमेत सिरम देऊन, मागाहून सैल टाके घालतात.

आता काय विचारायचं ते सांगते. टेबलावरून उतरायच्या आधी विचारा, टाके किती घातले, विरघळणारे की काढायचे, काढायचे तर कोणत्या तारखेला आणि कुठं. आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. तारीख लिहा म्हणावं, ‘‘बारा दिवसांनी’’ नको, कारण बारा दिवस कोणी मोजत नाही. गाव सोडायचं असेल तर कागद सोबत न्या. टाके घातले तिथंच काढले पाहिजेत असं नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात काढून देतात. गटाच्या बैठकीत हप्ते लिहायची वही असते ना, तिच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, कोणाचे टाके कोणत्या तारखेला. आमच्या भागात एका गटानं हे सुरू केलंय. वेळेवर आठवण करून द्यायला सचिवबाईंइतकं पक्कं कोणी नसतं, हप्त्याच्या बाबतीत आपण बघतोच.

ती ऊसतोडवाली बाई पुढच्या हंगामात परत आली होती. या वेळी जावेचा हात कापला होता. टाके घालून झाले, मी पट्टीला हात घातला, आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं विचारलं, ‘‘सिस्टर, हे जायचे का काढायचे?’’ मी म्हटलं, काढायचे. तिनं कागद पुढं केला, ‘‘मंग लिवा.’’

मी तारीख लिहिली, मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा ओढल्या.

पुढच्या वेळी भाजल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं ते बोलू. नमस्कार.